पांढऱ्याचे अकरा डबे

एलिनोरनं मला कामाला घेतलं
ते मला पांढरा ओळखता येतो म्हणून.
लेमविगच्या धक्क्यावर चाळीस वर्षं बोटी रंगवल्या मी:
दुधी, पिठूर, चुन्याचा, मोतिया, हळदुवा,
आणि एक बिननावाचा, जुन्या उशीच्या अभ्र्यासारखा.
तिच्या पडवीत दह्याचे अकरा रिकामे डबे
आणि फरशीवर ओतलेला ढीग,
जुन्या बाजारातून किलोवर आणलेले खेळण्यातले ठोकळे,
कुणाच्या माळ्यावरचे, कुणी खिडकीत विसरलेले.
सगळे एकेकाळी एकाच पांढऱ्याचे.

ऊन लागलं की हे प्लास्टिक पिवळं पडतं.
लोक औषधात बुडवून ते पुन्हा उजळ करतात.
ती म्हणाली, माझा बाप इतका उजळ कधीच नव्हता.
फेरीबोटीवरचा माणूस, जन्मभर वारा खाल्लेला.
गालाला सातवा डबा. नाकाला नववा.
टोपीखालच्या पट्टीला, जिथं ऊन पोचलंच नाही, पहिला.

चौकोनांतून गाल काढायचा
म्हणजे जिन्यातून वळण काढायचं.
जवळून पाहावं तर नुसत्या पायऱ्या, नुसत्या खुंट्या.
दाराला पाठ टेकून पाहावं
तर थोरवाल्ड, हनुवटी वर, फ्योर्डच्या पाण्यावर चिडलेला.
दिवसातून शंभरदा ती दाराशी जायची.
फरशीवर तिची पायवाट पडली होती.

पाथरवट नको ते काढून टाकतो.
हिला नको ते आधी लावून बघावं लागे,
मग चपटी सुरी घालून, खट्,
नखं तुटेपर्यंत.
काही ठोकळ्यांवर दातांच्या खुणा होत्या.
ज्या पोरांच्या हाती कुणी सुरी दिली नाही, त्यांची कामगिरी.
ते ती कुठल्याच डब्यात टाकू द्यायची नाही,
कॉफीच्या कपात ठेवायची, कान तुटलेल्या.

फेब्रुवारीत बापाचे कान झाले. दोन्ही सारखे.
मी बघत राहिलो. बोलावं की गिळावं.
मग म्हणालो, डावा असा नव्हता.
एकाहत्तर साली दोर तुटला. मी खालच्या फळीवर होतो,
हातात ब्रश. वरचा तुकडा गेला.
त्यानंतर टोपी कायम डावीकडे ओढलेली, एवढंच.

ती बराच वेळ गप्प.
"मी नेहमी उजवीकडे उभी असायचे," म्हणाली.
"तो मला तिकडेच उभं करायचा."
मग सुरी घेतली.
कानापासून जबड्यापर्यंत तीस-पस्तीस ठोकळे उतरवले,
कारण एक काढला की त्याच्या आधारानं बसलेला शेजारी सुटतो.
फाटक्या कडेला तिनं कपातले लावले, दात उमटलेले.
बसले.

नगरपालिकेचा माणूस गोंदाच्या बाटल्या घेऊन आला.
सार्वजनिक जागा, म्हणाला, मुलं येतात.
येतात ना, एलिनोर म्हणाली, मग गोंद नको.
दोघांचं चांगलंच वाजलं.
शेवटी बुटांना गोंद लागला, बाकीचा माणूस तसाच.

आता तो जुन्या तिकीटघरात बसलाय,
आणि शाळा सुटली की बाहीतला एखादा ठोकळा जातो.
किल्ली माझ्याकडे. सोमवारी मोजतो, भरतो.
परवा डबे संपले.
दुकानातून नवे आणले, एक मनगटावर दाबला. खट्.
असा पांढरा, की मलाच लाज वाटली,
मयताला कोरे बूट घालून आल्यासारखा.
उपटणारच होतो.
मग अख्ख्या थोरवाल्डला बुडाशी धरून
जरासा खिडकीकडे सरकवला.
खिडकी दक्षिणेची आहे. तीन उन्हाळे लागतील, कदाचित चार.
मला अठ्ठ्याहत्तर झाली.
बघू.